प्रीनपसाठी (लग्नाआधी पैसे-प्रॉपर्टीबाबत केलेला करार) दोघांत एकच वकील नको
काही जण म्हणतात की दोघांनी मिळून एकच वकील केला की खर्च निम्मा होतो, पण प्लीज नेमके तिथेच पैसे वाचवू नका. पुढे वाद झाला तर अनेक ठिकाणी कोर्ट हे बघतं की दोघांना स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, आणि कमाई, प्रॉपर्टी, कर्ज सगळं एकमेकांना खरं सांगितलं होतं का, काही लपवलं असेल तर अख्खा करार अडचणीत येऊ शकतो. लग्नाच्या तोंडावर घाईत सही तर अजिबात नको, दबाव होता असं म्हणायला जागा राहते. मुलांचा ताबा वगैरे यात सहसा बांधून ठेवता येत नाही. खर्च कमी करायचाच असेल तर मुख्य मुद्दे आधी आपसात ठरवा, कागदपत्रं स्वतः गोळा करा, बिल फुगतं ते मसुदा इकडून तिकडे फिरत राहिल्यामुळे.