जर्मनीत पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काय उरकायचं?

मुळाकाठ: पुढच्या महिन्यात आम्ही दोघं म्युनिकला येतोय. आधी पत्त्याची नोंदणी, बँक की विमा? सुरुवातीला एका खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहू.

इसारतीर: आधी पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून १४ दिवसांची मुदत असते, पण अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. विमानात बसण्याआधीच ऑनलाइन शोधायला लागा. नुसता भाडेकरार चालत नाही. ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. तो देणार का, हे अनामत भरायच्या आधी लेखी विचारा. देत नसेल तर ती खोली सोडाच. दोघांचे पासपोर्ट आणि विवाह दाखल्याचं शपथबद्ध भाषांतरकाराने केलेलं जर्मन भाषांतर सोबत ठेवा.

पत्रपेटी: सगळ्यात जास्त घोळ टपालपेटीवर होतो. नोंदणीनंतर ११ अंकी कर क्रमांक टपालानेच येतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. क्रमांक नसला की कंपनी पगारातून सहाव्या कर-वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापू शकते. तेव्हा पहिल्याच दिवशी घरमालकाला विचारून दोघांची आडनावं चिकटवा, अगदी साध्या कागदावर.

इसारतीर: बरोबर. शिवाय रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. ते माणशी नसून घरामागे एकच असतं. मुख्य भाडेकरू भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक कळवा. पत्र बाजूला टाकू नका, थकबाकी साठत जाते.

मुळाकाठ: मनापासून आभार. सहीच्या कागदाचं आजच विचारते.