मेट्सच्या मॅनेजमेंटला जाब विचारायचा की नाही?

एडिसनचा बाब्या

मंडळी, आपल्या न्यूयॉर्क मेट्स ह्या बेसबॉल टीमच्या विषयावर सप्टेंबरपासून तोंड बंद ठेवलं होतं, पण ह्या आठवड्यात (डिसेंबर २०२५) आपला फर्स्ट बेसमन पीट अलोन्सो पण गेला, बाल्टिमोरला, ५ वर्षं १५५ मिलियन डॉलर, आणि आपल्या लोकांनी म्हणे त्याला साधी ऑफरसुद्धा दिली नाही. त्याच्या आदल्या दिवशी आपला क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) एडविन डियाझ लॉस एंजेलिस डॉजर्सकडे, ३ वर्षं ६९ मिलियन. त्याच्याआधी आउटफिल्डर निमोला टेक्सासला पाठवून ३५ वर्षांचा सेमियन घेतला. म्हणजे २०२४ ला ज्या टीमवर आपण जीव टाकला ती टीमच राहिली नाही.

जे फॉलो करत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: जुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६५ मिलियन डॉलर देऊन आणला, पे-रोल ३०० मिलियनच्या वर. ह्या सीझनला, २०२५ मध्ये, १२ जूनला रेकॉर्ड ४५-२४ (जिंकल्या-हरल्या), अख्ख्या लीगमध्ये एक नंबर. त्यानंतर ३८-५५. सप्टेंबरमध्ये सलग आठ मॅच हरले. तरीपण प्लेऑफला जायला शेवटच्या दिवशी मायामीत एकच मॅच जिंकायची होती, कारण सिनसिनाटीवाले त्याच दुपारी मिलवॉकीकडून हरले, म्हणजे दार सताड उघडं होतं, आणि आपण ४-० हरलो, एक रन नाही काढता आली. दोघांचा रेकॉर्ड ८३-७९, पण टायब्रेकर (बरोबरी झाल्यावरचा निकष) त्यांच्याकडे, सुट्टी आपल्याला.

माझा राग हरण्यावर नाही, हरायची सवय आहे. राग टीम बांधणाऱ्या आपल्या मॅनेजमेंट प्रमुखावर, डेव्हिड स्टर्न्सवर आहे. जुलैच्या शेवटी ट्रेड डेडलाईनला (खेळाडू अदलाबदलीची शेवटची तारीख) आंधळ्यालासुद्धा दिसत होतं की स्टार्टर पिचर (मॅच सुरू करणारे) संपलेत. सेंगा दुखापतीतून आल्यावर पूर्वीचा राहिला नव्हता, कॅनिंग सीझनमधून बाहेर, मोंटासला मार पडतोय, मनाया उशिरा आला आणि धड नव्हताच. आणि ह्यांनी काय आणलं? हेल्सली, टायलर रॉजर्स, ग्रेगरी सोटो, सगळे रिलिव्हर (नंतर येऊन टाकणारे), आणि वर आउटफिल्डर मलिन्स. स्टार्टर एक नाही! हॉल सजवला, पंगती मांडल्या आणि भटजी सांगायलाच विसरले. हेल्सलीचा आपल्याकडचा ईआरए (दर नऊ इनिंगला सरासरी दिलेल्या रन, कमी तितकं चांगलं) ७.२०. त्याच्यासाठी तीन पोरं दिली सेंट लुईसला.

आणि सीझन संपल्यावर शिक्षा कोणाला? पिचिंग कोच हेफनर गेला, बॅटिंगवाले चावेझ आणि बार्न्स गेले. स्टर्न्स राहिला तिथेच, मॅनेजर मेंडोझा राहिला तिथेच.

कोरडे_आकडे

बाब्याशेठ, भावना पोचल्या. आता जरा शांतपणे.

अलोन्सोला आत्ताच ३१ पूर्ण झालीत, ह्या काँट्रॅक्टच्या शेवटच्या सीझनला ३५ असेल. बॅटिंग मस्तच, ३८ होमरन १२६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर निघालेल्या रन), नाही कोण म्हणतंय, पण फर्स्ट बेसवर त्याचं थ्रोइंग काय आहे ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तुम्हीच १२ जूनचा उल्लेख केलात ना, त्याच मॅचमध्ये अलोन्सोचा थ्रो वर गेला, तो पकडायला सेंगाने उडी मारली आणि हॅमस्ट्रिंग गेली. तेव्हा सेंगाचा ईआरए १.४७ होता हो. शेवटी त्याला सप्टेंबरमध्ये सिराक्यूजला मायनर लीगमध्ये (आपल्या राखीव टीमकडे) जावं लागलं. अख्ख्या सीझनचं वळण त्या एका थ्रोवर आहे असं नाही म्हणणार, पण स्टर्न्स जेव्हा म्हणतो की रन वाचवण्यावर लक्ष द्यायचंय तेव्हा तो हेच म्हणतोय. सेमियनला ह्याच वर्षी गोल्ड ग्लोव्ह (फिल्डिंगचं बक्षीस) मिळालाय, आणि त्याचं काँट्रॅक्ट निमोपेक्षा दोन वर्षं आधी संपतं. जुआन सोटो राईट फील्डला काही दिवे लावत नाही, त्याला आज ना उद्या डीएच (फक्त बॅटिंग करणारा) करावाच लागणार, मग अलोन्सोला कुठे बसवणार?

डेडलाईनला स्टार्टर नाही घेतला हे चुकलंच, मान्य. पण घेतला असता तर भाव काय होता? मॅक्लीन, टाँग, स्प्रोट ह्या आपल्या तरुण पिचरांतलं कोणीतरी द्यावं लागलं असतं. मॅक्लीन ऑगस्टमध्ये आला आणि ८ स्टार्टमध्ये ५-१, ईआरए २.०६. तो गेला असता तर आत्ता तुम्हीच धागा काढला असता.

बुलपेन काकू

बाब्या आणि कोरडे दोघेही त्या स्टर्न्सभोवती पिंगा घालताय. मी मेट्सच्या जुन्या शे स्टेडियमपासून बघतेय बाबांनो. २००७ ला १७ मॅच उरलेल्या, ७ मॅचची आघाडी, आणि शेवटच्या दिवशी आपला पिचर ग्लॅविनने पहिल्याच इनिंगमध्ये सात रन दिल्या, कोणाविरुद्ध? मार्लिन्स, हेच मायामीवाले. २००८ ला शे स्टेडियमची शेवटची मॅच, जिंकलो असतो तर निदान टायब्रेकरची मॅच मिळाली असती, हरलो, कोणाविरुद्ध? मार्लिन्स. आता २०२५, मार्लिन्स. तेव्हा स्टर्न्स होता का? तेव्हाचे मॅनेजर वेगळे, जीएम (जनरल मॅनेजर) वेगळा, मालक विल्पॉन, ज्यांचे पैसे त्या मॅडॉफच्या घोटाळ्यात अडकले होते.

माझं म्हणणं खेळाडूंना पण विचारा की. आठ इनिंग झाल्यावर मागे असताना अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच फिरवली नाही ह्यांनी. एकही नाही! सोटोचे ४३ होमरन, लिंडोरचे ३१, अलोन्सोचे ३८, कागदावर काय थाट, आणि ऐनवेळी बेस भरलेले असले की सगळे ढिम्म. आता मायामीत अलोन्सोने बेस भरलेले असताना काय सणसणीत हाणला होता चेंडू, सरळ लेफ्ट फील्डरच्या हातात गेला, त्याला मी दोष नाही देणार. पण बाकीच्या आठ इनिंग काय करत होते?

एडिसनचा बाब्या

@काकू, खेळाडू कोणी निवडले मग? मोंटासला ३४ मिलियन कोणी दिले, मनायाला ७५ कोणी दिले?

@कोरडे, हा माणूस हे पहिल्यांदा नाही करत. २०२२ ला मिलवॉकीत असताना टीम डिव्हिजनमध्ये पहिली आणि ह्याने १ ऑगस्टला क्लोजर जॉश हेडर सॅन डिएगोला देऊन टाकला. आतली पोरं हबकली आणि मिलवॉकीचे ब्रुअर्स प्लेऑफला पोचलेच नाहीत. माणसं म्हणजे स्प्रेडशीटमधल्या ओळी वाटतात ह्याला. अलोन्सो २०१६ ला आपण ड्राफ्ट केलेला, २०१९ ला पहिल्याच वर्षी ५३ होमरन, ऑगस्टमध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीचा २५२ होमरनचा क्लब रेकॉर्ड मोडला, आणि चार महिन्यात टाटा बाय बाय. २०२४ ला मिलवॉकीत नवव्या इनिंगला त्यांच्या पिचरला, डेव्हिन विल्यम्सला त्याने जो होमरन मारला त्यावर आपण महिनाभर जगलो होतो. आणि आता कोणाला आणलंय बघा, त्याच डेव्हिन विल्यम्सला, ५१ मिलियन देऊन! मारणारा गेला आणि मार खाणारा आपला झाला.

ब्रॉन्क्सवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विल्यम्स आमच्या यांकीजकडे (न्यूयॉर्कची दुसरी टीम) होता वर्षभर, ईआरए ४.७९, शुभेच्छा. बाय द वे सोटो आमच्याकडे होता तेव्हा वर्ल्ड सिरीज (फायनल) खेळला होता 😄

बुलपेन काकू

खेळला होता, जिंकला नव्हता. पाचव्या मॅचला ५-० पुढे असताना काय केलंत ते सांगू का इथे? आणि ह्या वर्षी टोरांटोने घरी पाठवलं ते? २००९ नंतर तुमचीपण पाटी कोरीच आहे, उगाच काड्या टाकू नका.

पिट्सबर्गकर

तुम्हा न्यूयॉर्कवाल्यांचं रडगाणं वाचून हसू की रडू कळेना. अहो तुमचा मालक पैसे तरी टाकतो! सीझन संपल्या संपल्या स्टीव्ह कोहेनने जाहीर माफी मागितली ट्विटरवर, की तुम्ही फॅन्सनी तुमचं काम केलंत, आम्ही आमचं नाही केलं. आमच्या पायरेट्सचे मालक बॉब नटिंगसाहेब माफी मागायच्या भानगडीतच पडत नाहीत.

आमची परिस्थिती ऐका. पॉल स्कीन्स, अख्ख्या लीगमधला सगळ्यात भारी पिचर, ईआरए १.९७, साय यंग अवॉर्ड (सर्वोत्तम पिचरचं) एकमताने, आणि त्याचा विन-लॉस काय? १०-१०. दहा मॅच हरला तो पोरगा पावणेदोन-दोन रन देऊन, कारण आमच्या टीमला रनच निघत नाहीत. ७१-९१ वर संपलो. शेवटचं प्लेऑफ २०१५. मे महिन्यात मॅनेजर शेल्टनला काढलं, जीएम चेरिंग्टन जागेवर. एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या मॅचला लोकांनी पैसे काढून स्टेडियमवरून विमान फिरवलं, मागे फलक, टीम विका म्हणून. आणि ह्या शहाण्यांनी काय केलं तर राईट फील्डच्या भिंतीवरचा क्लेमेंटेचा २१ नंबर काढून तिथे दारूची जाहिरात लावली! रॉबर्तो क्लेमेंटे! भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेलेला माणूस, आमच्या गावाचं दैवत, त्याच्या नंबरावर दारूची जाहिरात. बोंबाबोंब झाल्यावर परत लावला.

तेव्हा तुम्ही हरता ते खर्च करून हरता. आम्ही हरतो कारण हरण्यात मालकाचं काहीच बिघडत नाही, लीगच्या सामायिक कमाईतला वाटा ७१ जिंकल्या तरी मिळतोच.

वाचनमात्र

एक बाळबोध प्रश्न, बेसबॉल मला शून्य कळतं, पण धागा भारी चाललाय. खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत का अशा टीमना? आणि आयपीएलसारखी खर्चाला लिमिट नाही का?

बाकी मॅनेजमेंटचं म्हणाल तर आम्ही मुंबई इंडियन्सवाले ह्यातून गेलोय. रोहितला बाजूला करून हार्दिक कॅप्टन, २०२४ ला वानखेडेवर स्वतःच्याच कॅप्टनला लोकांनी हुर्यो केलं, टीम दहापैकी दहावी. मला तेव्हाही वाटलेलं की शिव्या हार्दिकला पडतायत पण ठरवणारे वर बसलेत त्यांना कोण काय बोलणार.

कोरडे_आकडे

@वाचनमात्र, प्रश्न चांगला आहे. ढकलाढकली नाही, शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तिथेच. लिमिट पण नाही, ठरावीक आकड्याच्या वर गेलात की टॅक्स भरायचा, कोहेन तो हसत हसत भरतो. खेळाडूंच्या युनियनशी असलेला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, तेव्हा मालक लोक लिमिटसाठी अडून बसतील असं दिसतंय आणि युनियन ते कधीच मानत नाही, सो २०२७ चं काही खरं नाही. पिट्सबर्गकरांसारख्यांना मात्र वरच्या लिमिटपेक्षा खालची लिमिट हवी, इतके तरी खर्च कराच अशी. त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही.

एडिसनचा बाब्या

@वाचनमात्र, अगदी हेच म्हणायचंय! आपल्या सिटी फील्ड स्टेडियमला बू कोणाला पडलं? हेल्सलीला, सोटोला. स्टर्न्सला कोण बू करणार, तो मैदानात येतच नाही. ३० लाखांहून जास्त लोक आले ह्या वर्षी. आता हे लोक तिकिटांचं रिन्यूअल मागतायत आणि फर्स्ट बेसला कोण उभा राहणार ते अजून सांगता येत नाहीये.

@पिट्सबर्गकर, तुमचं दुःख मोठं आहे, वादच नाही. पण पैसा टाकतो म्हणून मालकाला सूट का? कोहेन २०२० ला आला तेव्हा म्हणाला होता तीन ते पाच वर्षांत वर्ल्ड सिरीज. पाच झाली. २०२३ ला पिचर वर्लँडर आणि शेर्झर दोघांना वर्षाला ४३ मिलियनच्या वर देऊन ७५-८७. १९८६ नंतर काही नाही.

पिट्सबर्गकर

आम्ही १९७९ नंतर काही नाही. आणि तुमचं २०२३ गेल्यावर २०२४ ला चॅम्पियनशिप सिरीजपर्यंत (सेमीफायनल) कोणी नेलं? ह्याच स्टर्न्सने. सेव्हरिनो आणि मनाया स्वस्तात उचलून. तेव्हा तो हुशार होता, आता गाढव झाला का? देता का आम्हाला? चेरिंग्टन घ्या बदल्यात, वर दोन पोरं देतो.

कोरडे_आकडे

+१. फक्त एका गोष्टीत बाब्याच्या बाजूने आहे मी. अँट्वान रिचर्डसन, फर्स्ट बेस कोच, ज्याच्या शिकवणीने सोटोसारख्या जड माणसाने ३८ बेस चोरले, तो पैशाचं जुळलं नाही म्हणून गेला आणि आता आपल्याच डिव्हिजनमधल्या अटलांटाने घेतला. अटलांटाने! ७६५ मिलियन खेळाडूला देणाऱ्या टीमला कोचच्या पगारात घासाघीस का करावीशी वाटली ह्याचं उत्तर माझ्या कुठल्याच तक्त्यात नाही.

बुलपेन काकू

आपल्या जुन्या खेळाडूला, बॉबी बोनियाला दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर जातात ना अजून, २०३५ पर्यंत, त्यातले थोडे कोचला दिले असते तर.

बाकी बाब्या, तिकीट रिन्यू करणारेस की नाही ते सांग आधी. नसशील करणार तर मला कळव, माझा भाचा शोधतोय.

एडिसनचा बाब्या

करणारच आहे हो काकू, पण शेवटच्या तारखेला करणार. तोपर्यंत जरा घाबरू देत त्यांना.

ब्रॉन्क्सवाला

😂😂 घाबरले असतील.