'टेन्शन घेऊ नकोस' एवढं सांगून भागतं का?

सांजवात
दहावीच्या ताणावरच्या चर्चेत काल 'भटका_जीव' यांनी लिहिलं, "मुलांना सांगा, टेन्शन घेऊ नकोस, मार्क म्हणजे आयुष्य नव्हे. विषय संपला." खाली 'सहमत, सहमत' अशी रांग लागली. मला मात्र ते वाचून राहवेना, म्हणून वेगळा धागा.

गेल्या वर्षी मी लेकीला हेच वाक्य रोज ऐकवत होते. आणि त्याच वर्षी टीव्ही बंद केला, गावची जत्रा चुकवली, नणंदेच्या मुलीच्या लग्नाला तिला घरी ठेवून एकटी गेले. पोरीने काय समजायचं? प्रिलिमला भूमितीच्या आदल्या रात्री तिच्या पोटात कळा यायला लागल्या. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तू टेन्शन घेऊ नको म्हणतेस ना, मग मला आलंय हे सांगायचीही चोरी."

त्या रात्री पहिल्यांदा विचारलं की नेमकी भीती कशाची वाटते. नापास होण्याची नव्हतीच. प्रमेय मध्येच आठवेनासं झालं तर वर्गात रडू येईल, बारकोडचं स्टिकर भलत्याच जागी चिकटवलं जाईल, परक्या शाळेत वर्ग सापडणार नाही. रविवारी आम्ही केंद्राची शाळा बघून आलो, वॉचमनने पाण्याची टाकीसुद्धा दाखवली. घरी अकराला घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवलं, गणित, विज्ञान, समाजशास्त्राला एक दहापर्यंत, भाषांना दोन दहापर्यंत. वाईटात वाईट काय होईल तेही मांडलं: एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत जाता येतं, आणि 2015 पासून फेरपरीक्षा निकालानंतर लगेच होते, पूर्वीसारखं ऑक्टोबरपर्यंत ताटकळावं लागत नाही. हे ऐकून ती त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

भटका_जीव
माझं एक वाक्य उचलून धागा काढलात, ठीक. ते का लिहिलं तेही ऐका. 1994 साली मला दहावीला 52 टक्के पडले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की आई नुसती हाक मारायची. त्या महिन्यात कुणीतरी येऊन 'मार्क म्हणजे आयुष्य नव्हे' म्हणावं म्हणून मी आसुसलो होतो. ते वाक्य तुम्हाला पोकळ वाटतं कारण तुमच्या घरी ते फुकट मिळत होतं.

घाटमाथा
दोघेही मूळ मुद्दा सोडताय. आता नापास व्हायची भीती कुणाला आहे? राज्य मंडळाचा निकाल 2018 ला 89.41 टक्के. 2019 ला भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले तर थेट 77.10. पालकांनी ओरड केली, गुण परत आले, 2020 ला 95.30. मुलांचा जीव टांगलेला असतो तो 92 की 94 यावर, कारण अकरावीच्या प्रवेशाची यादी तिथे अडते. गुणांची ही खैरात थांबवा, ताण आपोआप उतरेल.

कोयरी
घाटमाथा, 2020 ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले होते, तेही धरा. आणि ज्या वर्षी गुण काढले त्या वर्षी ताण उतरला का? माझा भाचा त्याच बॅचचा. आधीच्या वर्षाच्या मुलांना 90 आणि आपल्याला 78, हे त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही.

सांजवातताई, लिहिलंत ते मनापासून पटलं. पण एवढ्या सगळ्यात मुलीचे बाबा कुठे होते?

सांजवात
ऑफिसात. मी 40 दिवस रजा घेतली होती. दोघांनी घेणं परवडणारं नव्हतं.

रोखठोक_नाना
यात विचारण्यासारखं काय आहे? परीक्षेच्या काळात मुलांना आईच लागते. आमच्या हिनेही सरकारी नोकरीतली बालसंगोपन रजा टाकली होती. मुलाला 91 पडले.

कोयरी
नाना, राज्य सरकारची ती रजा 180 दिवसांची आहे आणि पुरुषाला मिळते ती बायको वारली असेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच. नियमानेच बापाला उंबऱ्याबाहेर ठेवलंय आणि तुम्ही त्यालाच निसर्ग म्हणताय. माझ्या आईने माझ्या दहावीला बिनपगारी रजा घेतली, बढती हुकली. पुढे दहा वर्षं घरात कशावरूनही वाजलं की ते निघायचं. माझ्या मार्कांवर ते कर्ज चढलेलं होतं. 'तुझ्यासाठी मी रजा घेतली' हे वाक्य पोराच्या डोक्यावर धोंडा असतो.

रोखठोक_नाना
म्हणजे आईने मुलासाठी काही करायचंच नाही? तुमच्या आईचा राग आमच्या घरावर काढू नका. बायकोला रजा घ्यायला मी सांगितलं नव्हतं.

कोयरी
थांबवलंही नव्हतंत.

गोदाकाठ
मी शिक्षिका आहे, 17 वर्षं दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षण करते. पेपर हातात पडल्यावर कोरी उत्तरपत्रिका घट्ट धरून बसलेली मुलं दरवर्षी दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांना फाटकाशी सोडणारा पालक शेवटच्या मिनिटाला काहीतरी विचारत असतो, 'ते सूत्र आठवतंय ना?' ते तेवढं बंद करा. रजा आई घेते की बाबा, मला वर्गातून दिसत नाही. फाटकातलं दिसतं.

मूल जेवत-झोपत नसेल, जगणंच नको असं बोलत असेल, तर इथे चर्चा करत बसू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

भटका_जीव
गोदाकाठ, फाटकातला तो पालक मी आहे. मागच्या वर्षी मोठ्याला विचारलं होतं. तो उत्तर न देता आत गेला.

सांजवात, 'नेमकी कशाची भीती' हा प्रश्न मी त्याला कधी विचारला नाही, हे मान्य. माझं वाक्य मात्र मागे घेत नाही. धाकटीला दोन्ही सांगेन.

रोखठोक_नाना
कोयरी, काल रात्री हिला विचारलं, रजा मनापासून घेतली होती का. म्हणाली, "आत्ता विचारताय?" पुढचं इथे लिहीत नाही. आई लागते यावर मी ठाम आहे. धाकट्याची बारावी फेब्रुवारीत आहे, तेव्हा माझ्या अर्जित रजेतले 15 दिवस मी टाकणार आहे.

घाटमाथा
सगळं ठीक, पण अकरावीच्या यादीवर कुणीच बोललं नाही.