‘लेखिकेचा सूर ओळखा’: उत्तर ‘संतप्त’ कसं?

गोदाकाठ: नाशिकच्या एका क्लासच्या सराव पत्रिकेत एका गुणाला हा उतारा आहे:

‘बाईने घर सांभाळावे, हे अगदी खरे. ते घर तिच्या नावावर असावे, एवढे मात्र कुणाला सुचत नाही. आमचे पुढारी थोर मनाचे. आठ मार्चला ते आम्हांला देवी करतात आणि नऊ मार्चला चहा टाकायला सांगतात.’

पर्याय: संतप्त, उपरोधिक, उपदेशपर, खिन्न. उत्तरसूची म्हणते ‘संतप्त’. साफ चूक! उताऱ्यात ना उद्गारचिन्ह, ना जाब, ना एक कडक शब्द. पहिल्या वाक्यात समोरच्याचं म्हणणं मान्य केलंय, दुसऱ्यात त्यालाच कोंडीत पकडलंय. याला उपरोध नाही तर काय म्हणायचं?

द्वारका_सर्कल: उपरोध ही बोलायची रीत झाली. सूर म्हणजे विषयाकडे आणि वाचकाकडे बघण्याची वृत्ती, आणि इथे ती रागाचीच आहे. ताराबाई शिंदे घ्या. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे शिक्षा कमी झाली), त्यावरून पेटलेल्या वादातून १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ आलं. त्यात टोमणे जागोजाग आहेत. म्हणून राग नाही म्हणणार?

पंचवटी_एक्सप्रेस: हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. प्रस्तावना उघडा. तिथे ताराबाई स्वतःला घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची बाई म्हणवतात, आणि पुढे निबंधात पुरुषांना समोर उभं करून फैलावर घेतात. एकाच पुस्तकात दोन सूर. त्याच वर्षीचं पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ बायकांशी बोलतं, म्हणून त्याचा सूर शिकवणीचा. तेव्हा पेन्सिल घेऊन आधी सर्वनामं अधोरेखित करा: ‘आम्ही’ कोण, ‘तुम्ही’ कोण, की सगळं ‘ते’वरच चाललंय? या उताऱ्यात ‘तुम्ही’ एकदाही नाही. चिडलेला माणूस सहसा समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणून गाठतो. इथे पुढाऱ्यांबद्दल तिसऱ्यालाच सांगणं चाललंय, तेही डोळा मारून.

दुसऱ्या फेरीत ‘मात्र’, ‘म्हणे’, ‘तर’, ‘बरं का’ असले बारके शब्द शोधा. मराठीत अर्धा सूर त्यांच्यात असतो आणि मुलं नेमके तेच गाळून वाचतात. तिसऱ्या फेरीत स्तुती तपासा. ‘थोर मनाचे’ याला आधार म्हणून पुढे काय दिलंय? चहा. स्तुती मोठी नि पुरावा एवढासा, म्हणजे टोला.

रविवार_कारंजा: मुळात घोळ असा होतो की विषय बघूनच सूर ठरतो. विधवा दिसली की ‘खिन्न’, स्त्रीवादी म्हटलं की ‘संतप्त’. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांना या चौकटीत बसवून दाखवा. ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचं, म्हणजे ना. वा. टिळकांचं, धर्मांतर, ताटातूट, सगळं आहे, पण सांगणं हसतखेळत.

द्वारका_सर्कल: त्याला स्त्रीवादी लेखन म्हणायचं का, हा वेगळा धागा काढा. आणि हसू हाच सूर धरला तर त्याखालचं दुखणं वाचायचंच नाही का?

रविवार_कारंजा: वाचायचं ना. पण ते आशयात लिहा, सुराच्या रकान्यात नको. पर्यायांत एकच खूण करायची असते.

द्वारका_सर्कल: मग प्रश्नच सदोष आहे. ‘प्रमुख सूर’ असं विचारायला हवं होतं. ‘संतप्त’ आणि ‘उपरोधिक’ शेजारी ठेवले की हुशार मुलगाच अडकतो, कारण त्याला दोन्ही दिसतात.

गोदाकाठ: हे पटलं. उत्तर मात्र नाही. शेवटच्या वाक्यातला ‘आणि’ काढून ‘पण’ घाला: ‘देवी करतात, पण नऊ मार्चला चहा टाकायला सांगतात.’ झाली की नाही सरळ तक्रार? ‘आणि’मुळे दोन्ही गोष्टी पुढाऱ्यांच्या लेखी सारख्याच रीतीच्या ठरतात, आणि लेखिका चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाही.

द्वारका_सर्कल: ‘पण’ घातलं तर ‘संतप्त’ मान्य?

गोदाकाठ: तेव्हाही नाही. ‘नाराज’, फार तर. ‘संतप्त’ला ‘चहा’च्या जागी दुसरं काहीतरी लागेल.