लीगच्या पाच मॅच कशासाठी खेळायच्या?

सोसायटी क्रीडा ग्रुप, मालेगाव रोड, नांदेड
शनिवार

[रात्री ९:१२] ए-१०२, क्रीडा समिती: सर्वांना नमस्कार 🙏 टेनिस बॉल लीग २६ जानेवारीनंतर सुरू करायची आहे. सहा टीम पक्क्या झाल्या: ए, बी, सी, डी, ई विंग आणि रो-हाउस. प्रत्येकाची प्रत्येकाशी एक, म्हणजे १५ मॅच, ६-६ ओव्हरच्या. त्यापुढं गेल्या वर्षीसारखंच, पहिले चार सेमीला आणि मग फायनल. कुणाची सूचना असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा. सोमवारी नोटीस बोर्डवर पत्रक लावायचंय.

[९:१५] डी-३०४: ठीक आहे. आमचे अकरा तयार आहेत.

[९:२१] सी-४०१: माझी सूचना आहे. गेल्या वर्षीच सांगणार होतो, पण हरल्या हरल्या बोललो असतो तर हार पचत नाही म्हणाले असते. म्हणून वर्षभर गप्प बसलो. आता एकही मॅच झालेली नाही, कोण पहिलं येणार, कोण चौथं, कुणालाच माहीत नाही. नियमाचं बोलायची हीच वेळ आहे. एकदा टेबल लागलं की ज्याला त्याला आपल्या सोयीचाच नियम बरा वाटतो.
गेल्या वर्षी आम्ही पाचपैकी पाच जिंकलो. डी विंग दोन जिंकून रनरेटवर चौथी आली. सेमीला आमचा मेन बॉलर लग्नाला परभणीला गेलेला, पहिल्याच ओव्हरला दोन विकेट पडल्या आणि पाऊण तासात आमची लीग संपली. डीची पोरं त्या दिवशी आमच्यापेक्षा चांगली खेळली, त्यात वाद नाही. मी एवढंच म्हणायलो की पहिलं येऊन आम्हाला मिळालं काय? चौथ्याला जेवढी संधी, पहिल्याला तेवढीच. मग लीगच्या पाच मॅच कशासाठी खेळायच्या?

[९:२४] बी-५०२: सहमत.

[९:२८] डी-३०४: दादा, तुमचं दुःख मला समजतं, पण कप आम्ही मैदानात जिंकलाय. आयपीएल २००९ आठवा. दिल्ली पहिली, डेक्कन चार्जर्स चौथे. सेमीत गिलख्रिस्टनं ३५ बॉलमध्ये ८५ मारले, दिल्ली घरी. मग फायनलला बेंगळुरूला ६ रननं हरवलं. त्याच्या आदल्या वर्षी हीच टीम तळाला होती. त्यांना कुणी खोटा चॅम्पियन म्हणतं का? नॉकआउट म्हणजे त्या दिवशीचा खेळ. पोरांना त्याचीच तर मजा असते.

[९:३३] रो-हाउस ७: डी विंगवाल्यांचं म्हणणं मला पटायलंय. १९९२ चा वर्ल्ड कप मी अख्खा पाहिलाय. नऊ टीम, सगळे सगळ्यांशी खेळले. न्यूझीलंड आठपैकी सात जिंकून पहिलं. पाकिस्तान ॲडलेडला इंग्लंडसमोर ७४ वर ऑलआउट झालं होतं, पाऊस आला म्हणून एक पॉइंट मिळाला. त्याच पॉइंटवर ते ऑस्ट्रेलियाच्या पुढं, चौथे आले. सेमीत ऑकलंडला न्यूझीलंडला त्यांच्याच घरी हरवलं आणि कप घेऊन गेले. ती सेमी मी आजपण विसरलो नाही. एका दिवसात सगळं फिरू शकतं, म्हणून तर आपण टीव्हीसमोरून उठत नाही.

[९:३६] सी-४०१: काका, ती मॅच न्यूझीलंडची माणसं पण विसरली नसतील. आपलंच घ्या ना. २०१९ च्या वर्ल्ड कपला आपण १५ पॉइंट घेऊन पहिले. न्यूझीलंड ११ वर चौथे. मँचेस्टरला सेमी, १८ रननं हारलो. महिनाभर चांगलं खेळून एका सकाळी तीन विकेट पडल्या की संपलं?

[९:३८] ई-३०१: आणि २०२३? लीगमध्ये ९ पैकी ९, वानखेडेला सेमी पण जिंकली, तरी अहमदाबादला फायनल गेलीच. चेन्नईत लीगला ज्या ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं त्यांनीच हरवलं. फायनलपुढं कोणताच फॉरमॅट कामाला येत नाही.

[९:४०] सी-४०१: फायनल हारली तर माझी तक्रारच नाही. फायनल एकच असावी. फायनलच्या आधी पहिल्या दोघांना एक चूक माफ असावी, एवढंच माझं म्हणणं. आयपीएलनं २०११ पासून तेच केलंय. पहिला आणि दुसरा खेळतात, जिंकणारा थेट फायनलला, हरणाऱ्याला अजून एक मॅच. तिसरा-चौथा खेळतात, हरला तो बाहेर, जिंकला तो त्या पहिल्या मॅचच्या हरणाऱ्याशी खेळतो, आणि त्यातला जिंकणारा फायनलला.

[९:४१] सी-१०४: मोटार दुरुस्तीमुळं उद्या पाणी सकाळी ६ ते ८ एवढंच. टाक्या भरून ठेवा.

[९:४४] बी-२०३: ही पद्धत आयपीएलनं शोधलेली नाही बरं का. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या फुटबॉल लीगमध्ये ती १९३१ ला सुरू झाली, तिला पेज पद्धत म्हणतात. मी गणिताचा मास्तर, तेव्हा थोडा हिशोब मांडतो. चारही टीम अगदी सारख्या ताकदीच्या धरा, प्रत्येक मॅच अर्धी-अर्धी. साध्या सेमीत प्रत्येकाला कपाची संधी चारात एक, म्हणजे २५ टक्के. पहिला येवो नाहीतर चौथा. पेज पद्धतीत पहिल्या दोघांना आठात तीन, म्हणजे ३७.५ टक्के. तिसऱ्या-चौथ्याला आठात एक, १२.५. लीगमध्ये केलेल्या मेहनतीची किंमत ही एवढी, तिप्पट.
आता एक टीम खरंच चांगली आहे, कुणाशीही दहात सहा वेळा जिंकते असं धरा. साध्या सेमीत तिला कपाची संधी ३६ टक्के. पहिल्या दोघांत येऊन पेज पद्धतीनं खेळली तर ५०.४. म्हणजे तरीसुद्धा जवळजवळ निम्म्या वेळा कप दुसराच कुणीतरी नेतो. डी विंगनं घाबरायचं कारण नाही.

[९:४७] बी-५०२: सर, मग फायनलच तीन मॅचची ठेवली तर? दोन जिंकेल त्याचा कप.

[९:४९] बी-२०३: त्याच टीमला एका मॅचमध्ये ६० टक्के, तीनच्या फायनलमध्ये ६४.८. दोन मॅच वाढवून पावणेपाच टक्के. त्यापेक्षा सेमीच्या जागी एक मॅच वाढवली तर १४ टक्क्यांवर मिळतात.

[९:५२] डी-३०४: सर, हिशोब समजला. पण आयपीएलमध्ये त्या पद्धतीनं खालची टीम कधी जिंकलीय का? माझी खरी अडचण ती आहे. चौथ्याला नुसतं नावाला खेळवणार असाल तर पोरं शेवटच्या लीग मॅचला जीव लावणार नाहीत.

[९:५८] सी-४०१: आत्ता बसून मोजलं. २०११ ते २०२५, पंधरा हंगाम. पहिली आलेली टीम ५ वेळा जिंकली, दुसरी ९ वेळा, तिसरी एकदाच. ती २०१६ ची हैदराबाद, वॉर्नर कॅप्टन होता, ओळीनं तीन जिंकून बेंगळुरूला फायनलला ८ रननं हरवलं. चौथी आलेली अजून कुणी जिंकलेली नाही. पण २०१२ ला चेन्नई चौथी असून फायनलपर्यंत गेली होती. अवघड आहे हे मी कबूल करतो. माझ्या मते ते अवघडच असायला पाहिजे.

[१०:०१] ए-२०१: मी वाचत होते मघापासून. ताई लोकांची टीम यंदा नाही, पुढच्या वर्षी करणारच आहोत, तेव्हा आत्ताच बोलते. डब्ल्यूपीएलचं, म्हणजे महिलांच्या आयपीएलचं पहा. पाच टीम, पहिली थेट फायनलला, दुसरी-तिसरी एक मॅच खेळतात. दिल्ली २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षं पहिली आली, थेट फायनलला गेली आणि तिन्ही फायनल हरली. दोनदा मुंबईकडून, एकदा बेंगळुरूकडून. २०२४ ची बेंगळुरू तर तिसरी होती. मला वाटतं मॅच न खेळता बसून राहणं हे बक्षीस नाही. समोरची टीम दोन दिवसांपूर्वी जिंकून आलेली असते, तिचा हात बसलेला असतो.

[१०:०३] बी-२०३: ताई, तीन मॅचवरून नियम काढता येत नाही. पण तुमचं निरीक्षण विचार करण्यासारखं आहे.

[१०:०४] ई-३०१: प्रो कबड्डीत पण पहिल्या सहांतल्या दोन थेट सेमीला जायच्या ना. दहाव्या हंगामात आपली पुणेरी पलटण टेबलला पहिली होती, थेट सेमी खेळली आणि कप जिंकली. बसल्यानं काही बिघडलं नाही त्यांचं.

[१०:०६] सी-४०१: सहा टीमच्या लीगमध्ये थेट फायनल कुणालाच नको, मला पण नको. आम्हाला खेळायचंय, बसायचं नाही.

[१०:१०] रो-हाउस ७: एक शंका. आयपीएलमध्ये दुसरे ९ आणि पहिले ५ म्हणालात. मग पहिलं येण्याचा फायदा काय? पहिल्या-दुसऱ्याला सारखंच मिळायलंय. सी-४०१, तुमचाच प्रश्न परत आला की.

[१०:१४] सी-४०१: काका, खरं आहे. ह्याचा मी विचार केला नव्हता.

[१०:१७] बी-५०२: पहिल्याला टॉस द्या. म्हणजे पहिल्या-दुसऱ्याच्या मॅचला टॉस करायचाच नाही, पहिल्या टीमनं ठरवायचं बॅटिंग का बॉलिंग. आपल्या ग्राउंडवर नऊनंतर दव पडतं, बॉल ओला झाला की दुसऱ्या डावात बॉलरच्या हातात राहत नाही. सगळ्यांना माहितीये त्याची किंमत.

[१०:१८] रो-हाउस ७: हाव, हे चांगलंय.

[१०:१९] ए-१०२, क्रीडा समिती: छान चर्चा चाललीय. पण दिवस कसे बसवायचे? सेमी-फायनलला तीन मॅच लागत होत्या, आता चार. शनिवारी दोन, रविवारी सकाळी तिसरी, संध्याकाळी फायनल, असं करू का?

[१०:२२] डी-३०४: नाही. रविवारी सकाळी जी टीम जिंकेल ती संध्याकाळी परत फायनल खेळणार, आणि समोरची टीम शनिवारपासून आराम करून आलेली. आमचे निम्मे खेळाडू चाळिशीचे आहेत. आधीच आम्हाला तीन जिंकायच्या, त्यात एका दिवसात दोन? हे मला मान्य नाही.

[१०:२३] सी-४०१: डी विंगचं बरोबर आहे. एका दिवशी एका टीमला एकच मॅच. हे लिहूनच टाका.

[१०:२५] ए-१०२, क्रीडा समिती: मग शुक्रवारी संध्याकाळी दोन, शनिवारी एक, रविवारी फायनल.

[१०:२९] ई-१०३: माझ्या मुलीची बारावी आहे, फेब्रुवारीत बोर्ड. बिल्डिंगमध्ये अजून चार मुलं आहेत दहावी-बारावीची. खेळाला माझा विरोध नाही, तिचे बाबा स्वतः ई विंगकडून खेळतात. पण गेल्या वर्षी फायनलला साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होता. तीन दिवस ओळीनं असेल तर साडेनऊला सगळं बंद, आणि स्पीकर नको. कॉमेंट्री तोंडी करा.

[१०:३१] ए-१०२, क्रीडा समिती: मान्य, वहिनी. शुक्रवारी ६:३० ला पहिली मॅच, ७:४५ ला दुसरी. शनिवारी आणि रविवारी ७ ला. साडेनऊला लाइट बंद. स्पीकर नाही.

[१०:३४] बी-२०३: अजून दोन गोष्टी आत्ताच लिहून घ्या, नंतर भांडण नको. एक, पॉइंट सारखे झाले तर काय? सहा ओव्हरच्या खेळात रनरेट फार फसवा. एक टीम २० मध्ये गुंडाळली की समोरच्याचा रनरेट आभाळाला. २०१९ ला न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ पॉइंट, दोघांचे पाच विजय. रनरेटवर न्यूझीलंड पुढं गेलं, पण लीगमध्ये पाकिस्ताननं त्यांना हरवलं होतं. माझ्या मते आधी आपसातली मॅच बघावी, तीन टीम अडकल्या तरच रनरेट.

[१०:३५] डी-३०४: सहमत. आम्ही गेल्या वर्षी रनरेटवरच आलो होतो, तरी सहमत.

[१०:३७] बी-२०३: दोन, अवकाळी आला तर? २०२३ ची आयपीएल फायनल रविवारची सोमवारी ढकलली, आणि चेन्नई जिंकेपर्यंत मंगळवार लागला होता. आपल्याकडं सोमवारी सगळे ऑफिसला, दुकानाला.

[१०:३९] सी-४०१: फायनलला पुढचा रविवार राखीव ठेवू. बाकी मॅच पावसानं गेली तर टेबलमध्ये वर असेल तो पुढं. लीगच्या मॅचना तेवढा तरी अर्थ राहील.

[१०:४२] ए-१०२, क्रीडा समिती: सहा कॅप्टननी फक्त आपलं मत टाका. जुनी सेमी पद्धत की पहिल्या दोघांना दुसरी संधी? चौथी टीम दोन्हीत राहणार.

[१०:४३] सी-४०१: दुसरी संधी.
[१०:४३] बी-५०२: दुसरी संधी.
[१०:४५] ई-३०१: दुसरी संधी.
[१०:४६] रो-हाउस ७: मी जुन्या सेमीच्या बाजूनं. ऑकलंड पाहिलेला माणूस आहे मी. पण बहुमत असेल ते मान्य.
[१०:५०] ए-३०३: दुसरी संधी.

[१०:५८] डी-३०४: मी थोडा वेळ आमच्या टीमच्या ग्रुपवर बोलून आलो. पोरांचं म्हणणं जुनंच ठेवा. मी त्यांना म्हणालो, आपण यंदा पहिले आलो आणि एका ओव्हरमध्ये बाहेर गेलो तर आपल्याला कसं वाटेल. दुसरी संधी.

[१०:५९] सी-४०१: 🙏 आभार, भाऊ.

[११:०१] डी-३०४: आभार कशाचे दादा. फक्त ह्या वेळी लग्नाच्या तारखा बघून बॉलर घ्या. आम्हाला तुमच्या पूर्ण टीमला हरवायचंय.

[११:०४] ए-१०२, क्रीडा समिती: ठरलं. सोमवारी पत्रक लागेल. बॉल बी-५०२ आणतील, स्टंप मागच्या पार्किंगमध्ये आहेत, एक तुटलाय. कुणाकडं जादा असेल तर सांगा.

[११:०५] ई-१०३: आमच्याकडं आहे. सकाळी पाणी भरायला खाली येते तेव्हा देते.