गेममध्ये भेटलेली इतिहासातली माणसं : तुमचे अनुभव सांगा (अनुभव धागा)

मंडळी, बरेच दिवस मनात होतं हे विचारायचं. स्ट्रॅटेजी गेम खेळताना इतिहासातलं एखादं माणूस किंवा एखादी कलाकृती तुम्हाला आधी गेममध्ये भेटली आणि मग खऱ्या इतिहासात, असं झालंय का? आणि तेव्हा काय वाटलं? आनंद, राग, काहीही चालेल, फक्त स्वतःचं सांगा.

सुरुवात मी करते. सिव्हिलायझेशन या गेममालिकेतले गांधी. कॉलेजात असताना मला सगळे सांगायचे की पहिल्या, म्हणजे १९९१ च्या गेममध्ये बग होता, गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही आली की त्यातून २ वजा व्हायचे आणि शून्याखाली जाता येत नसल्याने आकडा उलटा फिरून थेट २५५ व्हायचा, म्हणून ते अणुबॉम्ब टाकत सुटायचे. मी हे कितीतरी जणांना छातीठोकपणे सांगितलं. मग २०२० मध्ये खुद्द गेमचा निर्माता सिड मायरने आठवणींच्या पुस्तकात लिहिलं की असा बग कधी नव्हताच! खरं झालं ते पाचव्या भागात, तिथे डिझायनरने मुद्दाम गांधींचा अणुबॉम्ब वापरण्याच्या तयारीचा आकडा १२ ठेवला, बाकीच्यांचे दहाच्या आत. दर खेळाला आकडा दोनने वरखाली होतो, पण बारातून दोन गेले तरी दहाच उरतात. मला याचं वाईट वाटलं, मनापासून. एका माणसाने आयुष्यभर जे केलं त्याच्या नेमकं उलटं जगभरच्या पोरांच्या डोक्यात बसलं, आणि ते बसवण्यात थोडा हात माझाही. सहाव्या भागात मात्र एक गोष्ट फार आवडली, त्यांच्याशी युद्ध करणाऱ्याच्या प्रजेला युद्धाचा कंटाळा दुप्पट वेगाने येतो. सत्याग्रह गेमच्या नियमात बसवायचा तर असाच बसवावा. समोरचा स्वतःच्याच घरात हरतो.

* * *

माझा अनुभव एज ऑफ एम्पायर्स २ चा, सातवीत होतो तेव्हाचा. बार्बारोसा या मध्ययुगीन जर्मन सम्राटाची मोहीम. पाच लढाया त्याच्यासाठी लढलो आणि सहावीच्या आधी कळलं की तो धर्मयुद्धाला जाताना वाटेत नदीत बुडून मेला, ११९० साली. मग शेवटच्या लढाईत त्याचं प्रेत पिंपात घालून गाडीवरून जेरुसलेमला न्यायचं. मला आजही ती छोटी गाडी आठवते, सगळ्या सैन्याच्या मध्ये ठेवून हळूहळू पुढे नेत होतो, कुणी बाण मारला की काळजात धस्स व्हायचं. पोचवली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला रडू फुटलं. कितीतरी वर्षांनी वाचलं की खऱ्यात तो कधी पोचलाच नाही. शरीर टिकवायला व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं पण ते टिकलं नाही, मांस अँटिओक शहरात पुरलं आणि हाडं पुढे टायर नावाच्या शहरात नेली म्हणतात. मला गेमचा राग नाही आला. इतिहासात जे राहून गेलं ते आपण आपल्या हाताने पूर्ण केलं असं वाटलं, आणि अजून तसंच वाटतं.

* * *

अशोक. सिव्हिलायझेशनच्या सातव्या भागात, म्हणजे २०२५ च्या, अशोक दोन आहेत. एक जगाचा त्याग करणारा, एक जग जिंकणारा. प्रजा खूश असली की एकाच्या शहरात अन्न वाढतं, दुसऱ्याच्या शहरात उत्पादन. सुरुवातीच्या पडद्यावर तुम्ही निवडायचं कोण हवा ते.

मी तिथे बराच वेळ नुसती बघत बसले. कारण अशोकाची सगळी गोष्ट म्हणजे या दोघांच्या मधली जागा आहे ना! तेराव्या शिलालेखात तो स्वतः सांगतो की कलिंगात दीड लाख माणसं कैद करून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कित्येक पट नंतर मेली, आणि याचं मला दुःख होतंय. राजाने स्वतःच्या विजयाबद्दल हे दगडावर कोरून ठेवायचं म्हणजे केवढी गोष्ट आहे. आणि प्रत्यक्ष कलिंगातल्या धौली आणि जौगडच्या लेखांत हाच तेरावा लेख नाहीये, तिथे त्याऐवजी वेगळे लेख कोरलेत, अधिकाऱ्यांना सांगणारे की सगळी माणसं माझी मुलं आहेत, न्यायाने वागा. हे मला गेममुळेच शोधावंसं वाटलं, ते मान्य. पण पश्चात्ताप हा मेनूमधला पर्याय नसतो, तो खेळता खेळता यायला हवा होता. खूप रक्त सांडलं की अशोक आपोआप बदलला असता तर? तेवढं एक केलं असतं तर मी हा गेम सगळ्यांना खेळायला लावला असता.

* * *

वरच्या अशोकवाल्या अनुभवाला शंभर टक्के अनुमोदन. मी अजून तो जिंकणारा घेऊन खेळलेलोच नाही, हातच होत नाही.

* * *

कलाकृतींबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. सिव्हिलायझेशनच्या सहाव्या भागात मी अ‍ॅझ्टेक होतो आणि माझ्याकडे जर्मन संगीतकार बीथोव्हेन जन्माला आला. रंगभूमीच्या भागात नेला, क्लिक केलं, 'ओड टू जॉय' तयार. स्क्रीनवर नाव आलं, थोडं वाजलं आणि बीथोव्हेन नकाशावरून नाहीसा. दोन रचना दिल्या की तो संपतो. ग्रीक महाकवी होमर पण तसाच, इलियड आणि ओडिसी दिली की गेला. लेखनाला अँफीथिएटरात दोन जागा असतात, जागा भरल्या की महाकाव्य तसंच थांबून राहतं, कलाकृतींमुळे होणाऱ्या पर्यटनाचे आकडे मोजायचे, छपाईचा शोध लावला की लेखनाचे दुप्पट होतात (हे मात्र किती बरोबर आहे, पुस्तकं छापायला लागल्यावरच सगळीकडे पोचली). हेर पाठवून दुसऱ्याची कलाकृती चोरताही येते.

पण ते जे थोडंसं वाजलं ना, त्यानंतर मी गेम बंद केला आणि ते ज्यात आहे ती अख्खी नववी सिंफनी ऐकली, तासाच्या वर आहे, गाणारे शेवटच्या भागातच येतात. पूर्ण बहिरेपणाच्या जवळ पोचलेल्या माणसाने ते १८२४ मध्ये लोकांसमोर आणलं. घरात पाश्चात्त्य संगीत कुणी ऐकत नव्हतं, मला ते कुणी दिलंच नसतं. आज माझी मुलगी व्हायोलिन शिकते.

* * *

एक गोष्ट वेगळी सांगते. पाउंडमेकर, कॅनडातल्या क्री या मूळनिवासी लोकांचा प्रमुख, २०१८ मध्ये सिव्हिलायझेशनच्या सहाव्या भागात आला. मला तो फार आवडायचा, मैत्री आणि व्यापारावर चालतो. मग कळलं की त्याच्याच समाजाच्या एका प्रमुखाने जाहीर आक्षेप घेतलाय, आम्हाला विचारलं नाही आणि दुसऱ्यांची जमीन जिंकत सुटायचं ही आमची मूल्यं नव्हेत. वाचून मी गप्पच झाले. १८८५ मध्ये कॅनडा सरकारच्या पळणाऱ्या सैनिकांचा पाठलाग करू नका असं स्वतःच्या लढवय्यांना सांगणारा माणूस हा, तरी त्याला देशद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या वर्षी तो वारला. सरकारने २०१९ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. याच्या आधी पाचव्या भागात अमेरिकेतल्या प्वेब्लो या मूळनिवासी लोकांचा नेता पोपे घेणार होते, त्यांच्या परिषदेने नको म्हटलं, तर त्यांना वगळून शोशोनी ही दुसरी जमात घेतली. म्हणजे विचारलं की उत्तर मिळतं, आणि त्याचा मान ठेवताही येतो.

* * *

थोडक्यात लिहितो. टोटल वॉर: थ्री किंगडम्स (२०१९) या प्राचीन चीनवरच्या गेममध्ये दोन प्रकारे खेळता येतं. त्या काळावरच्या प्रसिद्ध चिनी कादंबरीसारखं, जिथे एकटा सेनापती शेकडोंना लोळवतो, किंवा इतिहासाच्या नोंदींसारखं, जिथे तो अंगरक्षकांच्या तुकडीत असतो आणि इतरांसारखाच मरतो. लोकांच्या मनातला माणूस आणि नोंदीतला माणूस दोघांनाही जागा दिली. हे प्रत्येक गेमने करावं असं मला वाटतं, अशोकाचंही हेच व्हायला हवं होतं.

* * *

एम्पायर: टोटल वॉर, २००९. निवडीच्या यादीत मराठे दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठून भावाला हाक मारली होती. गेम १७०० मध्ये सुरू होतो, म्हणजे राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी सूत्रं हातात घेतली ते वर्ष. आम्ही दोघं आळीपाळीने खेळायचो. पण प्रांताला एक राजधानी, ती घेतली की अख्खा प्रांत खिशात, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं. औरंगजेब म्हातारपणी वर्षानुवर्षं एकेका किल्ल्यापाशी तळ ठोकून बसला, एक घेतला की दुसरा, तोवर आधीचा परत गेलेला. ती सगळी लढाईच किल्ल्यांची होती. दादा म्हणायचा, एक राजधानी पडल्यावर मराठे संपतात हे मी खेळणार नाही, आणि आम्ही ठरवून टाकलं होतं की राजधानी पडली तरी मोहीम सोडायची नाही, उरलेली फौज घेऊन डोंगराळ भागात शिरायचं आणि जिथे जमेल तिथे छापे घालायचे. तसं आम्ही एकदा पुरे चाळीस टर्न (खेळातल्या पाळ्या) काढले.