बायको सिस्टर, मी टॉवेलच्या कारखान्यात: जर्मनीला जायचं की सोलापुरातच राहायचं?

अक्कलकोट रोड:

घरात दोन महिने हाच विषय चालू आहे. आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे लिहितो. मी ३८ वर्षांचा, एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात लूम मेंटेनन्सला आहे. बायको बी. एस्सी. नर्सिंग, एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत तिला १२ वर्षं झाली. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. आई-बाबा आमच्याजवळच. बाबांना शुगर, आईचे गुडघे गेलेत.

बायको वर्षभर ऑनलाइन जर्मन शिकतेय. बी-१ ही भाषेची पातळी पास झाली, आता त्यापुढच्या बी-२ ची तयारी. श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलने मुलाखत घेतली, भाषा पूर्ण झाली की या म्हणाले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये त्याच भागाशी, म्हणजे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी, कुशल माणसं पाठवायचा करार केला. तेव्हापासून हे तिच्या मनात आहे.

नातेवाईक म्हणतात, पैशासाठी चाललेत. पैसा आहेच, नाही कशाला म्हणू? दोघांचे मिळून ४६ हजार येतात. घराचा हप्ता, दोन शाळा, बाबांची औषधं गेली की महिनाअखेर हातात काही राहत नाही. पण मला जे टोचतं ते वेगळंच आहे. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या भागात पाणी पाचव्या दिवशी येतं. त्या दिवशी ही नाइट करून साडेआठला घरी आली आणि पावणेनऊला नळ आला. मी फर्स्ट शिफ्टला. अंगावर युनिफॉर्म तसाच, खालच्या हौदातनं वरच्या बॅरलमध्ये पाणी चढवत ही अकरापर्यंत उभी. मला आईने संध्याकाळी सांगितलं. मी घरी आलो तेव्हा ही परत नाइटला निघत होती. बॅरलवर झाकण लावलेलं, आणि मांजराने पाडू नये म्हणून त्यावर पिठाचा डबा ठेवलेला. शंभरेक किलोमीटरवर ११७ टीएमसीचं उजनी धरण आहे, आणि बारा वर्षं लोकांचे जीव वाचवणारी बाई झोप सोडून नळी धरून उभी. तो डबा बघून मी मनात ठरवलं की हिला जाऊ द्यायचं.

पण आई-बाबांकडे बघितलं की पाय निघत नाही. तुम्ही काय कराल?

नवी पेठ:

बाळा, मी ७१ वर्षांचा आहे, वडीलकीने लिहितो. जाऊ नका.

माझा मुलगा २०१४ पासून ऑस्ट्रेलियात आहे. गुणी आहे, रोज फोन करतो, त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला, ऑक्सिजन लागला. त्या वेळी त्यांच्या सरकारच्या परवानगीशिवाय त्यांच्या माणसांना देशाबाहेर पडता येत नव्हतं. मे महिन्यात तर भारतातून परतणाऱ्या त्यांच्याच नागरिकांनाही त्यांनी पंधरवडाभर बंदी घातली. मुलगा व्हिडिओवर रडत होता. माझ्यासाठी इंजेक्शनच्या रांगेत रात्रभर उभा राहिला तो शेजारच्या किराणा दुकानदाराचा पोरगा. त्याचं माझं नातं काय? मी त्याला आठवीत गणित शिकवलं होतं, एवढंच.

तुमच्या बाबांची शुगर रात्री दोनला उतरली तर साखर तोंडात कोण घालणार, हे आधी ठरवा. पैसे पाठवता येतात, हात पाठवता येत नाही.

पूर्व भाग:

सर, तुमचं दुःख मोठं आहे, तरी मी या अण्णांना जा म्हणेन.

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले. माझे पणजोबा तेलंगणातून इथे विणकामाला आले, तेही म्हाताऱ्या आई-वडिलांना गावी ठेवून. आमचा अख्खा पूर्व भाग असाच वसलाय. आज आम्ही घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी, दुकानात कन्नडही चालतं, आणि कोणी विचारलं तर सोलापूरचेच म्हणून सांगतो. ते आले नसते तर ज्या सोलापुरी चादरीला २००५ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ती कोणी विणली असती? आता त्याच मागांवर मजूर टिकत नाहीत आणि आमची पोरं पुण्यात कंपन्यांत लागलीत. ज्या गावाने माणसं आत घेतली, त्याने बाहेर जाणाऱ्याला अडवू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस कुठले? सोलापूरचेच ना? ते १९३८ मध्ये चीनला गेलेच की.

भैय्या चौक:

कोटणीसांचं घर आमच्या चौकात आहे, येता-जाता दिसतं. म्हणूनच सांगते, त्यांचं उदाहरण इथे देऊ नका. १९३८ मध्ये जपानने चीनवर हल्ला केलेला होता, तिथल्या जखमींसाठी पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यात ते होते. १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, काम करता करताच तिथे वारले. ज्यांना डॉक्टर मिळत नव्हता त्यांच्याकडे ते गेले. आपण बोलतोय ते उलट्या दिशेचं आहे. श्रीमंत देशाला माणसं कमी पडतात म्हणून आपण आपल्या तयार सिस्टर तिकडे द्यायच्या, आणि इथल्या सरकारी वॉर्डात एका सिस्टरने अख्खी रांग बघायची.

मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या विडी कामगारांच्या मुली नर्सिंगला जातात, कारण घरातून पहिल्यांदा कोणीतरी पांढरा कोट घालणार असतं. या मुलींना शिकवायला, हाताखाली घ्यायला बारा वर्षं आयसीयू केलेली बाई लागते. ती गेली की तिच्यासोबत बारा वर्षं जातात. पाण्याचं म्हणाल तर पाणी माझ्याकडेही पाचव्या दिवशीच येतं. ते तुमच्या जाण्याने रोज येणार नाही, दादा. इथे राहून भांडणाऱ्यांतला एक कमी होईल.

पूर्व भाग:

बाई, एक राहिलं. कोटणीसांची चिनी पत्नी, क्वो छिंगलान, तीही नर्सच होती. पुस्तकात नाव डॉक्टरांचं येतं. या धाग्यातही आपण सगळे नवऱ्याशीच बोलतोय.

जुळे सोलापूर:

एवढ्या लांब कशाला? पुण्यात जा. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, सकाळी बसलं की दुपारच्या आत पोचता. तिथे सिस्टरना मागणी आहे आणि आई-बाबांकडे महिन्यातून दोनदा येणं होईल.

अक्कलकोट रोड:

दादा, ते करून पाहिलं. तिला तिथे मिळत होते ३० हजार, भाडंच १८ हजार. वर मुलांना सांभाळायला कोणी नाही. अंतर कमी झालं, बाकी सगळं तेच.

श्टुटगार्टहून बार्शीकर:

मी इथे चार वर्षं नर्स आहे. कोणाच्या बाजूने बोलायचं नाही, पण जे दिसतं ते सांगते. एजंट हे सांगत नाहीत.

पहिलं म्हणजे आल्या आल्या तुम्ही नर्स नसता. आपली पदवी तपासून ते पत्र देतात, काय काय कमी आहे त्याचं. मग एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाही तर परीक्षा. ते होईपर्यंत हेल्परचं काम आणि हेल्परचाच पगार. मी १२ बेडच्या आयसीयूची इन्चार्ज होते. इथे पहिले आठ महिने २३ वर्षांची पोरगी मला टॉवेलची घडी कशी घालायची ते सांगायची. रात्री बाथरूममध्ये रडायचे.

दुसरं, इथे मावशी नसतात. पेशंटला आंघोळ घालणं, दात घासणं, बेडपॅन, भरवणं, सगळं नर्सचंच काम, आणि त्यात कमीपणा कोणी मानत नाही. आपल्याकडच्या कित्येक मुली हे न कळून येतात आणि मोडतात. उलट सलाइन लावायला, रक्त काढायला कित्येक ठिकाणी डॉक्टर येतो, तेव्हा आपल्या हातातलं कसब विसरल्यासारखं वाटतं.

तिसरं, मुलगी. या राज्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. पुढे कुठली शाळा हे तिथेच ठरतं, आणि विद्यापीठाकडे जाणारी सरळ वाट गिम्नाझियम नावाच्या शाळेची. पाचवी-सहावीतलं पोर भाषेशिवाय आलं की आधी तयारी वर्गात बसवतात. शाळा पुढे बदलता येते, माझ्या मैत्रिणीच्या मुलीने बदलली, पण दोन वर्षं ती पोर वर्गात तोंड उघडत नव्हती. पहिलीतल्या मुलाची काळजी नाही, तो सहा महिन्यांत बोलेल. विचार मुलीचा करा, आणि तिला विचारून करा.

बहुतेक जणी आधी एकट्याच येतात. नर्स म्हणून नोंदणी झाली, घर मिळालं की घरची माणसं बोलावतात. घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड आहे.

आणि एजंटला किती दिलेत?

अक्कलकोट रोड:

अजून काही नाही. साडेतीन लाख मागितलेत, निम्मे आधी. बाबा म्हणाले, अक्कलकोटची एक एकर काढू.

श्टुटगार्टहून बार्शीकर:

एक रुपयाही देऊ नका! जमीन तर मुळीच काढू नका. नर्सच्या भरतीचा खर्च हॉस्पिटलने करायचा असतो. जर्मनीत योग्य भरतीचं सरकारमान्य प्रमाणचिन्ह आहे. ज्या संस्थेकडे ते आहे तिला उमेदवाराकडून पैसे घेताच येत नाहीत. तुमची मुलाखत थेट हॉस्पिटलशी झालीय ना? मग त्यांनाच लिहा की मध्यस्थाचे पैसे कोण देणार. उत्तर काय येतं त्यावरून हॉस्पिटलही कळेल.

जुळे सोलापूर:

जमिनीचं निघालं म्हणून लिहितो. पुढे तिकडचं नागरिकत्व घेतलं तर आपलं जातं, आपल्याकडे दोन चालत नाहीत. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली राहते. म्हणजे आज विकलेली एक एकर त्यांना परत कधी घेता येणार नाही.

नवी पेठ:

बार्शीकर ताईंनी लिहिलं ते दोनदा वाचलं. इतकं सरळ कोणी सांगत नाही. तरी माझं मत तेच आहे. मुलगी तोंड मिटून बसणार, आजोबा इथे दाराकडे बघत बसणार, आणि मधे ही बाई एकटी. तीन ठिकाणी तुटलेलं घर एका पगाराने जोडलं जात नाही.

अक्कलकोट रोड (बायको लिहितेय):

नमस्कार. यांनी मोबाइल दिला, सगळं वाचलं. पूर्व भागच्या भाऊंनी म्हटलं ते खरं आहे, म्हणून लिहिते.

यांनी पाण्याचं लिहिलं. यांना ते लागलं हे मला इथे वाचून कळलं, कधी बोलले नव्हते. पण मी पाण्यासाठी चाललेली नाही. पाणी तर लग्नाआधीपासून भरतेय.

गेल्या वर्षी एका रात्री आम्ही दोघी होतो आणि पेशंट नऊ, तीन व्हेंटिलेटरवर. दुसरी मुलगी नवीन, महिनाही झाला नव्हता. मी चार नंबरच्या पेशंटला सक्शन करत होते, म्हणजे नळीने कफ काढत होते, आणि सातच्या बेडचा अलार्म वाजायला लागला. ऐकू येत होता. मान वळवून बघितलंही, पण हात काढता येत नव्हता. त्या मुलीला ओरडून सांगितलं, तिला काय करायचं ते समजेना. मी पोचले तेव्हा आजोबांचे पाय गार पडले होते. वाचले ते, सहाव्या दिवशी घरी गेले, मुलाने पेढे आणले. मला तो पेढा खाता आला नाही. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर हवी, हे आम्ही कॉलेजात लिहून मार्क मिळवलेत. वर सांगितलं तर म्हणाले, माणसं मिळत नाहीत. माणसं टिकतील असा पगार दिला तर मिळतील, हेही सांगितलं.

जर्मनीत आयसीयूमध्ये एका नर्समागे दिवसा दोन आणि रात्री तीन, याहून जास्त पेशंट नकोत असा नियम आहे. तिथेही माणसं कमी पडतात हे मला माहीत आहे. पण तिथे तो नियम आहे. मला निवृत्तीच्या आधी एकदा माझं काम नीट करून बघायचंय.

बाई, तुम्ही मुलींचं लिहिलंत ते मनाला लागलं. त्या रात्रीची मुलगीही विडी कामगाराचीच. तिला शिकवायला मला वेळच मिळाला नाही. मी इथे राहिले तरी तो मिळणार नाही, निदान नऊ पेशंट असताना नाही.

बार्शीकर ताई, मावशी नसतात म्हणालात. आमच्याकडेही रात्री नसतात बऱ्याचदा. त्याची मला भीती नाही. भीती मुलीची आहे.

काका, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आम्ही काल असं ठरवलं की आधी मी एकटीने जायचं. नोंदणी होईपर्यंत हे, मुलं, आई-बाबा इथेच. जमीन विकायची नाही, एजंटला पैसे नाहीत. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा झाली की पुण्याला बी-२ ची परीक्षा. मुलीला विचारलं. म्हणाली, आधी तू बघून ये आणि खरं सांग.

बाबा जास्त बोलत नाहीत. रात्री जेवताना एवढंच विचारलं, तिकडे ज्वारी मिळते का. मला सांगता आलं नाही. ताई, मिळते का?

श्टुटगार्टहून बार्शीकर:

पीठ मिळतं भारतीय दुकानात, पण जुनं असतं, थापताना कडा फाटतात. मी उकळतं पाणी घालून मळते, मग जमते. बाबांना सांगा मंगळवेढ्याची मालदांडी घ्यायला, आणि निघायच्या आदल्या दिवशीच दळून आणा. पाच किलो बसतं बॅगेत. शेंगदाण्याची चटणी काचेच्या बरणीत घालू नका, फुटते.